फुटबॉलमधली वायडी

मित्रांनो, सुरुवातीलाच माफी मागून घेतो. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटचा. मराठी हा आमच्याकडे एक विषय होता, भाषा नव्हती! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील, आणि ज्या राहिल्या त्या प्रेसच्या आहेत असं समजून पुढे वाचा.

विषय आहे फुटबॉल. आपलं जालना ओळखलं जातं ते सळया, बियाणं आणि मोसंबीसाठी. फुटबॉलसाठी नाही. कॉलेजच्या ग्राउंडवर काळी माती. पावसाळ्यात बॉल चिखलात रुतून बसतो आणि उन्हाळ्यात भेगेत अडकून भलतीकडेच वळतो. तरीही संध्याकाळी पाच वाजता वीस-बावीस पोरं तिथे असतात, आणि गेल्या वर्षीपासून आपली ब्रँच लीग दोन ग्रुपमध्ये होते, 'ए' आणि 'बी'. नियम साधा आहे : 'ए'मध्ये तळाला येणारा संघ पुढच्या वर्षी 'बी'मध्ये जाणार आणि 'बी' जिंकणारा 'ए'मध्ये येणार.

यंदा 'ए'मध्ये तळाला कोण आलं ते सगळ्यांना माहीत आहे. आमचं मेकॅनिकल! आणि 'बी' जिंकला फर्स्ट इयरच्या पोरांनी, ज्यांच्याकडे धड बूटही नव्हते. आता आमच्याच काही सीनियर्सचं म्हणणं असं की गोलच्या जाळ्या आणि जर्सी मेकॅनिकलच्या वर्गणीतून आल्या, तेव्हा मेकॅनिकलला या नियमातून सूट मिळावी. त्यावर शनिवारी मीटिंग आहे. त्या निमित्ताने हा लेख.

मी मेकॅनिकलचाच. शिवाय एम-थ्री आणि इतर काही मंडळींच्या कृपेने वायडी लागून मागचं अख्खं वर्ष घरी काढून आलोय. त्यामुळे 'खाली जाणे' या विषयावरचा माझा अधिकार कोणी नाकारू नये!

आधी फंडा समजून घेऊ. आपण आयपीएल बघत मोठे झालो. आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा त्याच आयपीएलमध्ये असतो. संघ ठरलेले, दार बंद. त्यामुळे मोसमाच्या शेवटी तळाच्या दोन संघांचा सामना असला की आपण चॅनल बदलतो. फुटबॉलच्या जुन्या पद्धतीत दार दोन्ही बाजूंनी उघडं असतं. लीगच्या खाली लीग, तिच्याखाली आणखी एक, अशी शिडी. दरवर्षी खालच्या पायरीवरचे पहिले वर येतात, त्याला प्रमोशन म्हणायचं. वरच्या पायरीवरचे शेवटचे खाली जातात, ते रेलिगेशन. त्यामुळे पहिल्या नंबरासाठी जेवढी मारामारी, तेवढीच शेवटून दुसऱ्या नंबरासाठीही. कधी कधी जास्तच!

ही पद्धत इंग्लंडमधली. १८८८ मध्ये १२ क्लबांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली आणि १८९२ मध्ये तिला दुसरा डिव्हिजन जोडला. सुरुवातीला वर कोण जाणार हे आपोआप ठरत नसे. वरच्या डिव्हिजनमधले तळाचे आणि खालच्या डिव्हिजनमधले पहिले यांच्यात सामने होत आणि त्यांना चक्क 'टेस्ट मॅच' म्हणत. १८९८ नंतर ते बंद झालं आणि गुणतालिकाच निकाल द्यायला लागली. आज तिथे प्रीमियर लीगमध्ये २० क्लब आणि तिच्याखालच्या तीन डिव्हिजनमध्ये प्रत्येकी २४, म्हणजे एकूण ९२. प्रीमियर लीगमधून दरवर्षी ३ संघ खाली जातात. लेस्टर सिटी हा क्लब २००८-०९ चा मोसम तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळला, २०१६ मध्ये थेट इंग्लंडचा विजेता झाला आणि २०२३ व २०२५ मध्ये परत खाली उतरला. लुटनचं तर विचारूच नका. २०२३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये चढले, २०२४ मध्ये उतरले आणि २०२५ मध्ये आणखी एक पायरी उतरले.

गणित सोपं आहे. जिंकलात तर ३ गुण, बरोबरी झाली तर १, हरलात तर भोपळा. पूर्वी जिंकल्याचे २ मिळायचे. इंग्लंडने १९८१ मध्ये ३ केले, म्हणजे संघ बरोबरीवर समाधान मानणार नाहीत. तीन सामने बरोबरीत सोडवले तरी एका विजयाएवढेच गुण. तळाच्या संघांचं टेन्शन इथेच सुरू होतं : शेवटच्या दहा मिनिटांत आहे तो एक गुण सांभाळायचा, की तीनासाठी सगळे पुढे पाठवून मागचं दार उघडं टाकायचं?

इथपर्यंत ठीक. पण हे सगळं इंग्लंडचं झालं. आपल्या इथे काय झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ती गोष्ट आपल्या मीटिंगसारखीच आहे. फक्त पैसा मोठा.

भारतात १९९६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली आणि २००७ मध्ये तिच्या जागी आय-लीग आली. तिच्या खाली सेकंड डिव्हिजन. म्हणजे शिडी होती, दोनच पायऱ्यांची का होईना. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी २००८ मध्ये सेकंड डिव्हिजन जिंकून याच शिडीने वर आला. पण पुढे महासंघाला मोठ्या शहरांत मोठ्या कंपन्यांचे क्लब हवे झाले. त्यासाठी 'डायरेक्ट एन्ट्री' निघाली. पैसे भरा, अटी पूर्ण करा आणि सेकंड डिव्हिजन न खेळता थेट वर या. आणि वर आल्यावर पहिली काही वर्षं तुम्हाला रेलिगेशन नाही!

म्हणजे आपला मॅनेजमेंट कोटाच की, असं तुम्ही म्हणाल. नाही हो. मॅनेजमेंट कोट्याच्या पोरालाही वायडी लागते. इथे तीसुद्धा माफ.

त्याचा परिणाम बघा. २०१४-१५ मध्ये पुण्याचा भारत एफसी असा थेट आला. कल्याणी ग्रुपचा क्लब, ग्राउंड बालेवाडी. ११ संघांत तो शेवटचा आला. पण सूट होती, म्हणून खाली गेला त्याच्यावरचा, दहाव्या नंबरचा संघ. तो कोण? गोव्याचा डेम्पो! पाच वेळा देशाचा विजेता. हे म्हणजे वर्गात शेवटून दुसरा आलेल्या टॉपरला नापास करून शेवटच्याला पुढच्या वर्गात ढकलण्यासारखं झालं. आता डेम्पोचा मोसम वाईट गेला होता हे खरं, आणि पूर्वीच्या पाच ट्रॉफ्यांचे ग्रेस मार्क मिळत नाहीत हेही बरोबर. पण मग तळाच्यालाही ते मिळायला नकोत.

पुढच्या मोसमात तेच. २०१५-१६ मध्ये ९ संघ. नववा आला पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स, हाही डायरेक्ट एन्ट्रीचा. आठवा आला ऐझॉल एफसी. खाली कोणाला पाठवलं हे सांगायला नको.

ऐझॉल म्हणजे मिझोरामची राजधानी. मी वायडीच्या रिकाम्या वर्षात सहज आकडे काढले. २०११ च्या जनगणनेत ऐझॉलची लोकसंख्या साधारण २ लाख ९३ हजार आणि आपल्या जालना शहराची २ लाख ८५ हजार. म्हणजे जवळपास आपल्याएवढंच गाव, तेही डोंगरावर. त्या गावाचा क्लब २०१५ मध्ये सेकंड डिव्हिजन जिंकून वर आला. आय-लीग खेळणारा मिझोरामचा तो पहिलाच क्लब. आणि एका वर्षात त्याला खाली जा म्हणून सांगितलं, तेही तो तळाला नसताना. गंमत अशी की याच संघाने त्याच मे महिन्यात फेडरेशन कपची फायनल गाठली होती. (फायनलमध्ये मोहन बागानने पाच गोल ठोकले ते सोडा.)

डीएसके किंवा भारत एफसी यांनी नियम मोडला असं माझं म्हणणं नाही. नियमच तसा होता. कंपनीला सूट का हवी असते तेही मला कळतं. कोट्यवधी रुपये घालायचे आणि एका खराब मोसमात सगळं पाण्यात, अशी जोखीम कोण घेईल? आमचे सीनियर्सही तेच म्हणतात. जाळ्या आम्ही आणल्या आणि आता आम्हीच 'बी'मध्ये? पण सूट मिळालेल्या त्या दोन क्लबांचं पुढे काय झालं? भारत एफसी एका मोसमानंतर बंद. डीएसके शिवाजीयन्स दोन मोसमांनंतर, २०१७ मध्ये बाहेर. ज्यांना टिकवण्यासाठी सूट दिली तेच टिकले नाहीत.

आणि ज्यांना खाली पाठवलं? डेम्पोने पुढच्याच वर्षी, २०१५-१६ मध्ये, सेकंड डिव्हिजन जिंकला. ऐझॉलची गोष्ट तर पिक्चर काढावा अशी आहे. पण ती सांगण्याआधी मुंबईला जावं लागेल.

मुंबई एफसीमध्ये खालिद जमील नावाचे प्रशिक्षक होते. आधी याच क्लबचे खेळाडू, मग दुखापतीमुळे खेळणं सुटलं आणि २००९ मध्ये प्रशिक्षक झाले. क्लबचं बजेट बेताचं आणि नावाजलेले स्टार नाहीत. त्यांचा संघ सुंदर खेळतो असं कोणी म्हणायचं नाही. पण सात वर्षांत तो एकदाही खाली गेला नाही. कूपरेजवर येऊन मोठे क्लब वैतागून परत जायचे. २०१६ मध्ये खालिद आणि क्लब यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

त्याच वर्षी गोव्याचे साळगावकर, स्पोर्टिंग आणि नुकताच परत वर आलेला डेम्पो हे तिघेही महासंघाच्या नव्या योजनेला वैतागून आय-लीगमधून बाहेर पडले. वर जागा रिकामी झाली. तेव्हा खाली पाठवलेल्या ऐझॉलला परत बोलावण्यात आलं. ऐझॉलने प्रशिक्षक म्हणून खालिदना घेतलं. खालिदसोबत मुंबई एफसीचे जुने खेळाडूही गेले, त्यात आपला मुंबईचा जयेश राणे आणि आशुतोष मेहता.

जानेवारी २०१७ मध्ये मोसम सुरू झाला. १० संघ, प्रत्येकी १८ सामने. मागच्या वर्षी बाहेर काढलेला संघ हळूहळू तालिकेत वर सरकायला लागला. २२ एप्रिलला ऐझॉलमध्ये मोहन बागानविरुद्ध सामना. ८३ व्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य, आणि मग बचावपटू झोमिंगलियाना राल्तेचा हेडर. १-०. शेवटचा सामना ३० एप्रिलला, शिलाँगला, लाजोंगविरुद्ध. विजेतेपदाला एक गुण हवा. नवव्याच मिनिटाला लाजोंगने गोल केला! तिकडे कोलकात्यात बागानचा सामना त्याच संध्याकाळी चालू. शेवटी ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि १-१ वर शिट्टी वाजली. बागान २-१ ने जिंकले तरी उपयोग नव्हता. ऐझॉल ३७, बागान ३६. ईशान्येतल्या क्लबने राष्ट्रीय लीग जिंकल्याची ती पहिलीच वेळ. मी तेव्हा पाचवी-सहावीत असेन, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आता यूट्यूबवर तो दुसरा गोल मी किती वेळा बघितलाय ते विचारू नका.

आणि त्याच तालिकेत दहावा, म्हणजे शेवटचा संघ कोण? मुंबई एफसी! यावेळी मात्र तळाचाच संघ खाली गेला, त्यात कोणावर अन्याय झाला नाही. पण खाली गेला म्हणजे कुठे गेला? कुठेच नाही. क्लब बंद झाला.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती माझ्यावर बेतलेली आहे. वायडी लागली की तुम्ही नापास झालेले विद्यार्थी असता असं लोकांना वाटतं. तसं नसतं. तुम्ही विद्यार्थीच नसता. माझं आय-कार्ड गेलं, लायब्ररीचं कार्ड गेलं, एसटीचा पासही गेला. एम-थ्रीचं पुस्तक मी ज्युनियरच्या कार्डावर काढून आणायचो. खालच्या वर्गात बसवलं असतं तर मी खुशीने बसलो असतो. पण बसायला बाकच नव्हता! गल्लीतल्या काकू सकाळी दूध आणायला जाताना विचारायच्या, "काय रे, सुट्ट्या अजून संपल्या नाहीत का?" ऑगस्ट २०२५ मध्ये असाच घरी पडलेलो असताना बातमी वाचली की खालिद जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. मग मागचं मागचं शोधत गेलो आणि हे सगळं सापडलं.

इंग्लंडवाल्यांनी या प्रश्नाचा विचार केलाय. प्रीमियर लीगमधून खाली गेलेल्या क्लबला टीव्हीच्या पैशातला काही वाटा जास्तीत जास्त ३ वर्षं मिळत राहतो. त्याला 'पॅराशूट पेमेंट' म्हणतात. खेळाडूंच्या करारातही बहुतेक आधीच लिहिलेलं असतं की संघ खाली गेला तर पगार इतका कमी होईल. त्यावरही तिकडे भांडणं आहेत, कारण पॅराशूटवाला क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये बाकीच्यांपेक्षा श्रीमंत ठरतो. पण निदान खाली एक जग आहे. भरलेलं स्टेडियम आहे, टीव्ही आहे, पूर्ण नऊ महिन्यांचा मोसम आहे. आपल्याकडे सेकंड डिव्हिजन म्हणजे थोड्या महिन्यांचे मोजके सामने. प्रायोजक तिथे जातच नाहीत. अशा वेळी मालकाला 'तुम्ही खाली जा' असं सांगणं म्हणजे 'दुकान बंद करा' असं सांगणंच झालं. म्हणूनच तर सगळे सूट मागतात! रोग तिथे आहे.

आणि वर? ऐझॉल विजेता झाला तर वर छत होतं. २०१४ मध्ये सुरू झालेली आयएसएल ही आयपीएलच्या धर्तीची, पैसे भरून घेतलेल्या संघांची. २०१७ मध्ये तिच्यात दोन जागा वाढल्या, त्या बोलीने. बेंगळुरू आणि जमशेदपूर गेले. देशाचा विजेता होता तिथेच राहिला. शिडीच्या वरच्या टोकाला दार बसवायला २०१९ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. आशियाई महासंघाच्या क्वालालंपूरमधल्या बैठकीनंतर ठरलं की २०२२-२३ पासून आय-लीगचा विजेता फी न भरता आयएसएलमध्ये जाईल. त्याप्रमाणे २०२३ मध्ये पंजाब एफसी आणि २०२४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग वर गेले. पण २०२४-२५ पर्यंतच्या एकाही मोसमात आयएसएलमधून कोणी खाली आलं नाही. म्हणजे एका बाजूनेच उघडणारं दार.

२०२५ चा निकाल तर आपल्या युनिव्हर्सिटीला शोभेल असा. लीग संपली तेव्हा पहिला होता गोव्याचा चर्चिल ब्रदर्स, ४० गुण. इंटर काशी ३९. पण एका सामन्यात समोरच्या संघाने अपात्र खेळाडू उतरवला होता, अशी काशीची तक्रार होती. अपील, मग अपिलावर अपील. चर्चिलला विजेता जाहीर करूनही झालं. शेवटी जुलै २०२५ मध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने काशीला विजेता ठरवलं. रीव्हॅल, मित्रांनो! एप्रिलचा पेपर, जुलैचा निकाल.

आता डेम्पोचं सांगून संपवतो. २०१६ मध्ये राष्ट्रीय लीग सोडली तरी त्यांनी क्लब बंद केला नाही. गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये खेळत राहिले. पुढे सेकंड डिव्हिजनचंच नाव आय-लीग २ झालं. पाच वेळचे विजेते त्यात उतरले आणि २०२४ मध्ये तिथून वर चढून आय-लीगमध्ये परतले. आठ वर्षं लागली.

तर शनिवारच्या मीटिंगमध्ये मी दोन गोष्टी मांडणार आहे. मेकॅनिकलला सूट नको, आम्ही 'बी'मध्ये खेळू आणि जाळ्या दोन्ही ग्रुपला वापरू द्या. पण 'बी'चे सामने दुपारी दोनच्या उन्हात आणि तेही रेफ्रीशिवाय घ्यायचे हे यंदासारखं चालणार नाही. 'ए'ला जेवढे सामने तेवढेच 'बी'लाही, संध्याकाळचे, आणि शिट्टी वाजवायला माणूस हवा. पहिली गोष्ट ऐकल्यावर आमचे सीनियर्स माझ्याशी बोलायचे बंद झालेत. दुसरी अजून त्यांना सांगितलेली नाही.

मीटिंग जिमखान्यात, सकाळी साडेदहाला. फर्स्ट इयरवाल्यांनो, तुम्ही पण या.